गार असताना सगळेच ब्रेक लागतात

गाडी वर चढवलेली असते, पुढचं चाक बाजूला काढून ठेवलेलं असतं. फिटर झिजलेले पॅड हातात घेऊन येतो आणि म्हणतो, "साहेब, संपलेत. कोणते टाकू? कंपनीचे, दुसऱ्या ब्रँडचे का लोकल?" तिन्हींच्या किमतीत चांगलाच फरक असतो. खोकी उघडून बघावीत तर आतल्या पट्ट्या सारख्याच दिसतात. मग मनात येतं ते असं, की तिन्ही ब्रेकच लावणार आहेत ना? मग जास्तीचे पैसे कशाचे?

प्रश्न रास्त आहे. गॅरेजमधून निघून पहिल्या चौकापर्यंत तरी तिन्ही पॅड सारखेच वाटतील, कारण गार असताना सगळेच ब्रेक लागतात. फरक दिसतो तो पॅड तापल्यावर. तो का दिसतो ते कळलं, की निवड बरीचशी आपोआप होते.

१. ब्रेक ही एक शेगडी आहे

ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करतो असं आपण म्हणतो. खरं तर काहीच नाहीसं होत नाही. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, म्हणजे डिस्कला, दोन पॅड दोन्ही बाजूंनी चिमटा काढतात. त्या घासण्यातून वेगाची उष्णता होते. हिवाळ्यात तळहात एकमेकांवर चोळतो तेव्हा होतं तेच इथे होतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

किती मोठ्या, ते एका हिशोबाने पाहू. १२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि समोर अचानक उसाची ट्रॉली आली. गाडी पूर्ण थांबेपर्यंत जवळजवळ तीन लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. एवढ्या उष्णतेत एक लीटर साधं पाणी उकळीला येतं. म्हणजे तुम्ही एकदा ब्रेक दाबला आणि घरभराच्या चहाचं आधण काही सेकंदांत ठेवलं.

वेग निम्मा, म्हणजे ताशी ४०, असता तर हिशोब अर्ध्यावर आला नसता, पाव हिश्श्यावर आला असता. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. गावात हळू चालताना लावलेल्या ब्रेकपेक्षा हायवेवरच्या वेगात लावलेला एकच ब्रेक पॅडना कितीतरी जास्त तापवतो, त्याचं कारण हे.

आता घाट उतरू. पाच माणसं आणि सामान धरून गाडी १५०० किलोची झाली आणि ती २०० मीटर उंचीचा उतार उतरली, तर सुमारे २९ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. दहा लीटर पाणी उकळेल एवढी ही उष्णता. त्यातली काही हवेचा अडथळा घेतो, काही टायर घेतात. उरलेली इंजिनावर टाकायची की ब्रेकवर, हे चालवणाऱ्याच्या हातात असतं. त्याकडे पुढे येऊ.

२. पॅडमध्ये असतं तरी काय?

१८८८ साली बर्था बेंझ ही जर्मन बाई नवऱ्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्झहाइमला निघाली. शंभर किलोमीटरच्या वरचा हा प्रवास मोटारीचा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजायला लागले, तेव्हा तिने वाटेतल्या एका मोच्याला गाठून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या अस्तराची गोष्ट सुरू होते ती अशी, चपला शिवणाऱ्याच्या हातून.

पुढे १८९७ साली इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड याने ब्रेकचं अस्तर बनवण्याचा धंदाच सुरू केला. त्याच्या कंपनीचं नाव फेरोडो. हे नाव पुढे आपल्याकडेही आलं. मुंबईत घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो नावाचा कारखाना होता. तीच कंपनी पुढे हिंदुस्थान कॉम्पोझिट्स झाली आणि तिचा एक कारखाना पैठणला आहे. शेवगावकडून गोदावरी ओलांडली की पैठण. पॅड काही फक्त जर्मनी-जपानहून येतात असं नाही, नगर जिल्ह्याच्या शिवेला लागूनही हा माल बनतो.

पॅड हाताळून पाहिला तर त्याचे दोन मुख्य भाग दिसतात. मागे पोलादी पाटी आणि तिला चिकटवलेली, डिस्कला घासणारी जाड वडी. ही वडी म्हणजे एक मिश्रण असतं. धिरड्याच्या पिठासारखा त्यातला प्रत्येक जिन्नस वेगळ्या कामाचा. सगळं धरून ठेवायला राळ, म्हणजे रेझिन. मजबुतीला धागे. पकडीसाठी कठीण पूड. घासणं एकसारखं राहावं म्हणून ग्राफाइटसारखा गुळगुळीत पदार्थ. बाकी भरीला भर. साच्यात दाबून आणि भाजून ही वडी पाटीवर बसवतात. कोणता जिन्नस किती घातला, त्यावर पॅडचा स्वभाव ठरतो.

जुन्या पॅडमध्ये धाग्यांच्या जागी ॲसबेस्टॉस असे. ते उष्णता छान सोसतं, पण त्याची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोगापर्यंत वेळ येते. म्हणून पॅड घेताना खोक्यावर 'ॲसबेस्टॉसविरहित' लिहिलंय का ते पाहावं. आणि पॅड कोणताही असो, चाक काढल्यावर आतली काळी धूळ हवेच्या पाइपने फुंकू देऊ नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यायला सांगावं.

३. पकड कशी मोजतात?

पॅड डिस्कला किती घट्ट धरतो, यासाठी एक आकडा वापरतात. त्याला घर्षणांक म्हणू. गाडीच्या पॅडचा घर्षणांक साधारण ०.३ ते ०.५ च्या आसपास असतो. अर्थ सोपा आहे : पॅड डिस्कवर १०० किलोच्या जोराने दाबला आणि घर्षणांक ०.४ असला, तर फिरणाऱ्या डिस्कला ४० किलोच्या जोराने मागे ओढलं जाईल.

हाच घर्षणांक ०.३ वर घसरला तर? आधी पेडलवर १५ किलोचा जोर देऊन जेवढा ब्रेक लागत होता, तेवढ्याच ब्रेकसाठी आता २० किलो लावावे लागतील. पाय आधी तेवढंच दाबतो, गाडी नेहमीच्या जागी थांबत नाही, मग घाबरून माणूस जोर वाढवतो. त्या अर्ध्या-पाऊण सेकंदात गाडी कितीतरी मीटर पुढे गेलेली असते.

मग जास्तीत जास्त घर्षणांकाचा पॅड घ्यावा का? तसंही नाही. शेवटी गाडी रस्त्यावर धरून ठेवतात ते टायर. ब्रेकने चाक पुरतं थांबवता येत असेल, तर त्याहून जास्त चावरा पॅड टाकून गाडी लवकर थांबत नाही. उलट पुढचं चाक लवकर जाम व्हायला लागतं आणि गाडीच्या पुढच्या-मागच्या ब्रेकचं गणित बिघडतं.

अनेक पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर छापलेल्या क्रमांकाच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानाला असलेल्या पकडीचं, दुसरं पॅड चांगला तापल्यावरच्या पकडीचं. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. 'एफएफ' पॅड गार आणि गरम दोन्ही वेळा एकाच पट्ट्यात राहतो. 'एफई' पॅड तापला की खालच्या पट्ट्यात उतरतो. ही अक्षरं दर्जाचं प्रशस्तिपत्र नव्हेत, टिकाऊपणाबद्दल ती काहीच सांगत नाहीत. पण दोन्ही अक्षरं सारखी आहेत की दुसरं घसरलंय, एवढं जरूर बघावं.

४. तापल्यावर काय होतं?

एका मर्यादेपलीकडे तापल्यावर वडीतली राळ करपायला लागते आणि तिच्यातून वायू सुटतो. तो वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये अडकला, की पकड निसटते. पेडल नेहमीसारखं कडक लागतं, पण गाडी थांबत नाही. करपट वास येतो. याला ब्रेक फेड होणं म्हणतात.

दुसरा प्रकार ब्रेक ऑइलचा. पायाचा जोर पॅडपर्यंत नेणारं हे तेल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं नवं तेल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ठरावीक ओलावा धरल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. तापलेल्या पॅडच्या मागचं तेल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. अशा वेळी कितीही महागडे पॅड असले तरी उपयोग नाही. म्हणून पॅडबरोबर तेलाचीही चौकशी करावी. साधारण दोन वर्षांनी ते बदलावं, किंवा गाडीच्या पुस्तिकेत सांगितलं असेल तसं.

हे दोन्ही टाळण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय पॅडच्या दुकानात मिळत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. मग गाडीला इंजिनच मागे ओढतं आणि त्या दहा लीटर पाण्यातलं बरंचसं आधण इंजिनाकडे जातं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारा माणूस सगळी उष्णता चार चाकांवर टाकतो. इंजिनच बंद करणारा त्याहून वाईट, कारण पायाला मदत करणारा ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांनंतर काम करेनासा होतो.

५. नगरमधली परीक्षा

पॅड तापवून बघायचं काम कोणी करतं का? करतात, आणि ते आपल्या घराजवळ होतं. नगरजवळच्या वाहननगरात डीआरडीओची व्हीआरडीई ही प्रयोगशाळा आहे. लष्कराच्या वाहनांचं संशोधन हे तिचं मुख्य काम. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२६ व्या नियमानुसार नवी गाडी विकण्याआधी कंपनीला तिचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि त्या संस्थांच्या यादीत पुण्याच्या एआरएआयबरोबर व्हीआरडीईचंही नाव आहे.

अशा तपासणीत ब्रेकला काय विचारतात, ते युरोपात वापरल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावरून कळतं. ताशी १०० किलोमीटर वेगाची मोटार ७० मीटरच्या आत थांबली पाहिजे, तीही पेडलवर साधारण ५० किलोपेक्षा जास्त जोर न लावता. मग गरम परीक्षा. थोड्या थोड्या अंतराने पंधरा वेळा वेग निम्म्यावर आणायचा, म्हणजे ब्रेक चांगला तापतो, आणि लगेच पुन्हा थांबवून बघायचं. आता तो गार असतानाच्या किमान ६० टक्के लागलाच पाहिजे, आणि नियमातल्या किमान क्षमतेच्या ७५ टक्क्यांखाली जाता कामा नये.

यातली मेख अशी, की तुमच्या गाडीच्या मॉडेलने ही परीक्षा दिली ती तिच्या मूळ पॅडसह. पॅड बदलला की ते प्रमाणपत्र नव्या पॅडला आपोआप लागू होत नाही. म्हणून बदली पॅडसाठी युरोपात वेगळा नियम केला आहे. त्याला आर ९० म्हणतात. बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या १५ टक्के आतबाहेर राहिली पाहिजे, आणि वडी पाटीवरून सहजी निसटता कामा नये, ही त्यातली दोन मुख्य कलमं. मूळपेक्षा फार कमी पकड चालत नाही, तशी फार जास्तही चालत नाही.

६. तीन जाती, तीन स्वभाव

ऑरगॅनिक : धातू नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्या धाग्यांचा, मऊ स्वभावाचा पॅड. आवाज करत नाही, गार असताना लगेच पकडतो, डिस्कला जपतो. पण झिजतो लवकर आणि फार तापला की मऊ पडतो.

सेमी-मेटॅलिक : यात पोलादी धाग्यांसारख्या धातूंचा मोठा वाटा असतो. धातू उष्णता पुढे पसरवतो, म्हणून हा पॅड तापल्यावरही तग धरतो. पण आवाज करतो, चाकं काळी करतो, डिस्क जास्त झिजवतो आणि पहाटेच्या गारठ्यात पहिल्या एक-दोन दाबांना थोडा आळशी वाटतो.

सिरॅमिक : नाव ऐकून चिनी मातीची बशी डोळ्यांसमोर येते, पण इथे सिरॅमिकचे धागे आणि पूड मिश्रणात असते. शांत, कमी धुळीचा, रोजच्या वापरात एकसारखा लागणारा आणि महाग.

बाजारात या तिन्हींच्या मधले अनेक प्रकार आहेत. पण आपण कशासाठी काय देतोय, हे कळायला एवढी वर्गवारी पुरते.

७. आपला रस्ता कोणता?

गाडी मुख्यतः सावेडी ते माळीवाडा आणि परत एवढीच फिरते का? मग वेग कमी, थांबे जास्त, उष्णता थोडी. कंपनीचा पॅड किंवा चांगल्या बनावटीचा ऑरगॅनिक पॅड इथे मजेत चालतो. सेमी-मेटॅलिकवर जास्त पैसे घालून पदरात पडेल तो बहुधा आवाजच.

दर आठवड्याला पाथर्डीकडे करंजी घाट, संभाजीनगरकडे इमामपूर घाट, संगमनेरजवळ चंदनापुरी घाट, किंवा कल्याणकडे माळशेज, तेही भरलेल्या गाडीने? मग गरम पकड आधी बघा. मूळ पॅड, नाहीतर दुसरं अक्षर न घसरणारा आणि उष्णता सोसणारा पॅड घ्या. स्वस्तातलं लोकल खोकं इथे नको.

उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्याने रात्रीचं येणं-जाणं असेल, तर वेगळा विचार करावा लागतो. मागे दिवा नसलेली ट्रॉली एकदम समोर येते. ब्रेक त्या वेळी गारच असतो, पण तो पहिल्याच दाबाला पूर्ण लागायला हवा. इथे शर्यतीच्या गाड्यांसाठीचे म्हणून विकले जाणारे पॅड टाकणं चूक ठरेल. ते तापल्यावर उत्तम असतात, गार असताना मात्र कमी पकडतात.

गाडी बहुतेक वेळ उभीच असते आणि दिवाळीला बाहेर निघते? मग पॅडपेक्षा डिस्ककडे बघा. पावसाळ्यात रात्रभरात डिस्कवर तांबूस गंज चढतो आणि सकाळी खरखर येते. दोन-चार ब्रेकमध्ये ती गेली तर काळजी नाही.

८. खोक्यावर आणि पाठीवर काय वाचायचं?

पॅड मॉडेल, वर्ष आणि प्रकार सांगून मागवा. एकाच नावाच्या गाडीला वेगवेगळ्या वर्षी वेगळे कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारे भाग, असू शकतात. जुना पॅड नव्यावर ठेवून पाटीचा आकार आणि कानांची जागा जुळवा. किंचित घासून बसवलेला पॅड कॅलिपरमध्ये अडकून बसतो.

पाठीवर बनवणाऱ्याचं नाव, भागाचा क्रमांक आणि बॅच कोरलेली किंवा छापलेली असावी. गोलात इंग्रजी 'ई' आणि शेजारी देशाचा आकडा, पुढे '९० आर'ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर तो पॅड मघाच्या आर ९० नियमात पास झालेला आहे. हा 'ई' आणि पकडीचा 'ई' वेगळे, गल्लत करू नका. वडीला तडे, कडेला पाटीपासून फट किंवा कोरं खोकं दिसलं तर पॅड परत करा. आणि बिल घ्या, नकली माल विकणारा बिल द्यायला का-कू करतो.

९. कधी बदलायचे?

किलोमीटरचा ठरावीक आकडा कोणी सांगितला तर त्यावर विसंबू नका. जाडी मोजा. नव्या पॅडची वडी साधारण १० मिलिमीटरच्या आसपास असते. ३ मिलिमीटर उरली की बदलायची तयारी करा. समजा २० हजार किलोमीटरमध्ये ती १० वरून ६ वर आली. म्हणजे एका मिलिमीटरला ५ हजार. ३ वर यायला अजून तीन मिलिमीटर, म्हणजे १५ हजार किलोमीटर हातात आहेत.

पुष्कळ पॅडना एक छोटी पोलादी पट्टी असते. वडी संपत आली की ती डिस्कला टेकून चिरचिर आवाज करते. तो आवाज म्हणजे निरोप आहे. तो न ऐकता पुढे गेलात की पाटीचं लोखंड डिस्कवर घासतं आणि पॅडच्या पैशात डिस्कचे पैसे जोडले जातात. डिस्कच्या कडेवर तिची किमान जाडी कोरलेली असते. लेथवर घासून ती त्याखाली जाणार असेल, तर नवी डिस्कच घ्यावी लागते.

आतला पॅड संपलाय आणि बाहेरचा चांगला आहे, असं दिसलं तर नुसते पॅड बदलून भागणार नाही. कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम झाल्या असतील. त्या साफ करून योग्य ग्रीस लावून घ्या. ग्रीसचा डाग मात्र वडीला लागता कामा नये. आणि पॅड नेहमी एका आसावरच्या दोन्ही चाकांचे एकदम बदला. एका बाजूला नवे, दुसरीकडे जुने ठेवले तर गाडी ब्रेक दाबताच एका बाजूला ओढते.

१०. नवे बसवल्यावर

नव्या पॅडचा पृष्ठभाग डिस्कशी अजून जुळलेला नसतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५०-६० वरून २० पर्यंत असं दहाएक वेळा, मध्ये थोडा वेळ सोडून, बेताने ब्रेक लावा. पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नका. सुरुवातीचे दोन-तीनशे किलोमीटर घाट आणि जोरदार ब्रेक टाळा. जोडा नवा असताना आपण पहिल्याच दिवशी वारीला निघत नाही, तसंच हे.

एक गोष्ट त्याच्याही आधीची. पॅड बसवताना फिटर कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलतो. त्यामुळे नव्या पॅडवर पहिल्यांदा पेडल दाबलं की पाय थेट तळाला जातो आणि ब्रेक लागतच नाही. म्हणून किल्ली हातात आली, की गाडी जागेवरून हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा. मगच रिव्हर्स गिअर टाका.